गूळपाण्याआधीचा भाव

माझी नोकरी भाव विचारण्याची होती. काही विकत घ्यायचं नाही, काही विकायचं नाही, नुसतं विचारायचं आणि वहीत उतरवून घ्यायचं. सुप्याच्या बाजारात मी दिसलो की तेलवाला दुरूनच म्हणायचा, "आलं बघा बिनपैशाचं गिऱ्हाईक." खानापुराकडचे माझे सासरे तर कितीतरी वर्षं लोकांना 'जावई लाकडाच्या वखारीत कारकून आहेत' एवढंच सांगत. ते खोटं नव्हतं. वखार होती, मी कारकून होतो, फक्त लाकडाला माझा हात कधी लागला नाही.

या नोकरीत केस पांढरे झाले. आता दिवाळी अंकासाठी चार पानं लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की जी गोष्ट शोधून काढायला मला ठेवलं होतं, ती मला आजही सापडलेली नाही. दोन मुलुखांत मोठा कोण, एवढाच तो प्रश्न होता. वाचणाऱ्यांपैकी कुणाला सुटला तर मला जरूर कळवावं, थट्टा करत नाही.

मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. आमची कंपनी सुपे पेट्यातल्या, म्हणजे त्या लहानशा तालुक्यातल्या, डोंगरात लाकूड तोडायची आणि वखारीत आणून रचायची. तोडायला माणसं आसपासच्या गावांतली. भातकापणी उरकली की पावसाळ्यापर्यंत ती आमच्याकडं यायची. पण याच डोंगराच्या पलीकडं दिग्गीचा घाट उतरला की फिरंग्यांचं, म्हणजे पोर्तुगिजांचं राज्य लागायचं. तिथला राजा वेगळा, नाणं वेगळं आणि मजुरीही वेगळी. दिवसाला आपल्याकडच्यापेक्षा दोन आणे जास्त.

बाजारकुणंगचे म्हाबळू गावकार एक दिवस चार माणसं घेऊन वखारीत आले. गावकार म्हणजे गावातला मानाचा माणूस, त्याच्या शब्दावर गाव उठतो-बसतो. अंगावर घोंगडी, हातात काठी. वखारीच्या साहेबापुढं उभे राहिले आणि माझ्याकडं बघून बोलले, कारण साहेबाकडं बघून बोलणं त्यांना बरं वाटेना.

"सायबास्नी सांगा, आमची पोरं घाट उतराया लागल्यात. तिकडच्याइतकी मजुरी द्या. न्हाईतर गावात म्हातारी माणसं आन् गुरं तेवढी ऱ्हातील."

साहेब गोरा, लाल कानांचा, फार वाचणारा. रागावला नाही. गावकार गेल्यावर त्यानं मला बसवून घेतलं आणि एक गोष्ट समजावली. ती जशी मला समजली तशी सांगतो.

आपला रुपया देऊन फिरंगी रुपया किती मिळतो हे सराफ सांगतो. पण सराफाला नाण्याचं कळतं, पोटाचं कळत नाही. तोच रुपया इथं घेऊन बाजारात गेलं तर समजा टोपलं भरतं, आणि तिथं गेलं तर अर्धंच. मग तिथल्या माणसाला दोन आणे जास्त मिळूनही तो तुमच्याहून गरीबच. म्हणून नाणी मोजायची नाहीत, टोपली मोजायची. एक यादी करायची: तांदूळ, नाचणी, मीठ, सुकी मासळी, खोबरेल, गूळ, तंबाखू, धोतरजोडी. तीच यादी दोन्हीकडं भरायची आणि किती लागले ते बघायचं. साहेब म्हणाला, दोन देशांत मोठा कोण तेही असंच काढतात. देशाची सगळी कमाई घ्यायची आणि तिच्यात किती टोपली भरतात ते पाहायचं. ज्याची टोपली जास्त, तो देश मोठा.

मी मान हलवली. मान हलवणं ही कारकुनीतली पहिली शिकवण.

डोकं फिरायला सुरुवात झाली ती यादी करतानाच. दाढी यादीत घालायची का? घाटाखाली न्हावी दाढीचे रोख पैसे घेतो. आमच्याकडं न्हाव्याला सुगीत भात द्यायचं, की वर्षभर तो घरादाराची डोकी बघतो. मग एका दाढीचा भाव काय? मी न्हाव्यालाच विचारलं. तो वस्तरा थांबवून म्हणाला, "पोरगं जलमलं की जावळ काढतो, म्हातारं मेलं की पोराचं डोकं करतो. त्यातलं एक गालफड कापून भाव कसा सांगू?" दाढी मी यादीतून काढून टाकली.

सुकी मासळी आणि मीठ समुद्राकाठचं, घाट चढून वर यायचं, म्हणून आमच्याकडं महाग. तांदूळ आमच्याकडं स्वस्त. मग टोपल्यात तांदूळ जास्त घातला की आमचा मुलूख स्वस्त होई, मासळी जास्त घातली की महाग. मी साहेबाला म्हटलं, टोपल्यात काय घालावं यावरच सगळं आहे. साहेब म्हणाला, मजूर खातो ते घाल. आणि मग हसून म्हणाला, माझं टोपलं भरलंस तर सुपे हा जगातला सगळ्यात महाग देश निघेल. तो विलायती बिस्किटांच्या डब्याकडं बघत होता. डबा मुंबईहून आगगाडीनं आणि मग बैलगाडीनं यायचा, आणि उघडला की निम्मी बिस्किटं पीठ झालेली असायची.

मार्गशीर्षात मी बाजारकुणंगला गेलो. गावात दुकान नाही. ज्याच्याकडं जे असेल ते त्याच्याकडून घ्यायचं अशी रीत. साहेबाची अट होती की नुसतं विचारायचं नाही, या खेपेला खरोखर विकत घ्यायचं, कारण माणूस सांगतो एक आणि घेतो दुसरं. अट शहाणपणाची होती.

गावकारांच्या पडवीत बसलो. तांब्या आला, गुळाचा खडा आला. उन्हातून आलेल्या माणसाला गूळपाणी दिल्याशिवाय तिकडं कुणी 'का आलात' असंही विचारत नाही. तांब्या आणणारी त्यांची सून, देवकी. पंचविशीची असेल. तिचा नवरा पुरसू आमच्याकडंच लाकूड तोडायला यायचा, गड्यांत सगळ्यात चलाख हाताचा. मी पाणी प्यायलो, यादी काढली.

देवकीनं विचारलं, "अण्णा, ह्या कागदावरनं मजुरी ठरणार म्हनं. खरं हाय काय?"

"ठरणार."

"मग नीट लिवा. आमचं घरधनी घाट उतरायचं म्हनाया लागल्यात. खाली गेलेली मानसं पैलं वरीस येत्यात, दुसरं वरीस सांगावा धाडत्यात, तिसऱ्या वरसाला तेबी न्हाई. नंदिगड्ड्याच्या माझ्या भैनीचं तसंच झालं."

मी म्हटलं, "जे आहे ते लिहीन, बाय. एक दाणा इकडं नाही की तिकडं नाही."

तिनं शेर आणला आणि तांदूळ मापायला घेतला. शेर भरला, वर शीग चढवली. दाणे ओघळायला लागले तरी ओतत होती. नाचणी तशीच. कोनं, म्हणजे रानातल्या मातीतले ते मोठे कंद, पोटभर खाल्ले तर भात नको वाटतो, तेही तिनं टोपल्यात टाकले. "ह्येचा भाव?" म्हटलं तर म्हणाली, "रानातली चीज, भाव कसला?" मी वहीत लिहिलं, कोनं: काही नाही. बाकीच्याचा भाव तिनं जो सांगितला तो गावकारांनी पडवीतूनच आणखी खाली आणला. मी मनात म्हटलं, काय स्वस्ताई आहे या गावात. मला फार बरं वाटलं. आपल्या मुलखाचा अभिमान वाटला.

तिथून दोन गडी घेऊन घाट उतरलो आणि सांग्याच्या बाजारात तीच यादी भरली. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. दुकानदारानं शेर भरला आणि वरून फळी फिरवून सपाट केला. दाणा ओघळला तर तो उचलून परत पोत्यात टाकला. कंदाचेही पैसे घेतले. पाण्याचं विचारलं नाही.

हिशेब असा निघाला की ज्या पैशात घाटाखाली एक टोपलं भरतं, तेवढ्यात बाजारकुणंगात जवळजवळ दीड भरतं. म्हणजे आमचा मजूर दोन आणे कमी घेऊनही घाटाखालच्या मजुराहून चांगलं खातो. साहेब इतका खूश झाला की त्यानं माझा कागद मुंबईच्या मोठ्या कचेरीत धाडला. तिकडून उत्तर आलं, मजुरी वाढवण्याचं कारण दिसत नाही. साहेबानं मला स्वतःची एक पेन्सिल बक्षीस दिली, मागं रबर असलेली. तसली पेन्सिल मी तोवर पाहिली नव्हती.

उत्तर आलं त्याच आठवड्यात पुरसू घाट उतरला.

मला वाईट वाटलं, पण चुकलं काही वाटलं नाही. मी मापून आणलं होतं. तांदूळ घरात होता, टोपलं घरात होतं. आणि घरातच सगळं फिसकटलं. बायको तांदूळ निवडायला बसली होती, ती म्हणाली, "हा किती शेर म्हणून आणलात?"

"चार."

"माझ्या मापानं पाच भरतोय. आणि ह्या पैशात? कुणी दिला?"

"गावकारांच्या सुनेनं."

"जेवलात त्यांच्याकडं?"

"छे. गूळपाणी घेतलं तेवढंच."

तिनं सूप खाली ठेवलं. "अहो, मग हा भाव कुठला? हा पाहुणचार झाला. आमच्या खानापुरातसुद्धा घरचं पाणी प्यालेल्याला कोण मोजून देतंय?"

त्या बाईनं नवरा घरी राहावा म्हणून 'नीट लिवा' म्हटलं होतं. आणि मग हातात शेर घेऊन स्वतःच शीग चढवली होती, कारण पडवीत बसलेला माणूस पाणी प्यालेला होता. तिला दुसरं करताच आलं नसतं. आणि मी, शिकलेला, ती शीग वहीत उतरवून तिच्याच नवऱ्याची मजुरीवाढ अडवून आलो होतो. मला त्या पेन्सिलीची लाज वाटली.

साहेबाला लगेच सांगायचा धीर झाला नाही. आधी खरा भाव आणावा म्हटलं. पौषात पुन्हा बाजारकुणंग गाठलं. दुसऱ्या घरी जाता आलं असतं, पण गूळपाणी कुठलंही घर देणारच, आणि साहेब म्हणाला असता, घर बदललं म्हणून भाव बदलला. ऊन कडक होतं, घसा कोरडा पडला होता. देवकी तांब्या घेऊन बाहेर आली.

मी पडवीवर चढलो नाही. अंगणातच उभा राहिलो. म्हटलं, "बाय, पाणी नको. आज मी गिऱ्हाईक म्हणून आलोय."

तिचा हात तसाच राहिला. "पाणी नको? का म्हून?"

"प्यालो तर तू मला खरा भाव सांगणार नाहीस."

"खरा भाव म्हंजे? त्या दिशी सांगितला त्यो खोटा होता व्हय?"

खोटा नव्हता. त्या भावानं तिनं खरोखर दिलं होतं, मी पैसे मोजले होते. म्हटलं, "तो पाव्हण्याचा भाव होता. कंपनीला परक्याचा भाव पाहिजे. त्यावरून पुरसूची मजुरी ठरणार."

आत बसलेले गावकार उठून दारात आले. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, पण त्यातलं एकच कळलं होतं. "कारकूनराव, आमच्या हातचं पानी चालंना झालं काय तुमास्नी?"

"तसं नाही हो, मामा."

"मग कसं हाय? गावकाराच्या दारातनं तानलेला मानूस आजवर माघारी गेलेला न्हाई. माझ्या बाच्या वक्ताला न्हाई, माझ्या वक्ताला न्हाई."

मी त्यांना टोपल्याचं समजावू लागलो. रुपया इथं मोठा आणि तिथं लहान, पण तो मोठा दिसतो तो तुमच्या शिगेमुळं, आणि तो लहान दिसला तर तुमचा मुलगा परत येईल, असं काहीतरी. माझं मलाच कळेना. गावकार ऐकत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे आमी गरीब दिसलो की पैसे वाडणार, आन् दिलदार दिसलो की कापणार."

"असंच काहीसं."

"ह्यो कसला न्याय म्हनायचा?"

देवकीनं तांब्या खाली ठेवला, तोही उंबऱ्याच्या आत. तिला कळलं होतं, सासऱ्यांच्या आणि माझ्याही आधी. ती म्हणाली, "मामा, तुमी आत जावा. आज पावनं न्हाई आलेलं, गिऱ्हाईक आलंय."

गावकार आत गेले. तिनं शेर आणला, तांदूळ भरला आणि वरून हात फिरवून सपाट केला. मग सुप्याच्या बाजारात परक्याला सांगतात तो भाव सांगितला. कोनांचाही भाव सांगितला, वजन करून. माझ्याकडं ती बघत नव्हती. मी पैसे मोजले, तिनंही मोजून घेतले. गाव ओलांडून ओढ्यावर आलो तेव्हा तिथं पालथा पडून पाणी प्यालो.

साहेबापुढं दोन कागद ठेवले. त्यानं विचारलं, एका गावात, एका घरात, दीड महिन्यात असे दोन भाव कसे?

मी म्हटलं, "साहेब, पहिल्या खेपेला मी पाणी प्यालो होतो."

मग मी सगळं सांगितलं, बायको काय म्हणाली त्यासकट. त्यानं एकच प्रश्न विचारला, आणि तो आजही माझ्या डोक्यातून जात नाही. घाटाखाली तुला कुणी पाणी दिलं असतं तर? तिथं तुझं सोयऱ्याचं घर असतं तर? मग तोही मुलूख स्वस्त निघाला असता की नाही? निघाला असता. मग आपण मोजलं काय, दोन देश की तुझी ओळख? मी मान हलवली, पण या खेपेला दोघांपैकी कुणालाच उत्तर ठाऊक नव्हतं.

साहेब सरळ माणूस. त्यानं दुसरा कागद मुंबईला धाडला. पहिल्याबद्दल 'मापात चूक' एवढंच लिहिलं आणि चूक आपल्या नावावर घेतली. पहिल्या कागदानं आमचा मुलूख मोठा आणि खाऊनपिऊन सुखी होता. दुसऱ्या कागदानं तोच लहान आणि गरीब झाला. मधल्या दिवसांत बाजारकुणंगात एक दाणा कमी झालेला नव्हता की जास्त. पण गरीब ठरलो म्हणून मजुरी वाढली. दोन आणे नाही, दीड आणा. तेवढ्यावर शिमग्याला पुरसू घरी आला आणि परत गेला नाही. गावातली आणखीही काही पोरं आली.

मी जिंकलो म्हणायचं की काय, हे मला ठरवता येत नाही. पुढं नोकरीत मी शेकडो भाव उतरवले. माझी रीत वखारीत नावाजली गेली: कारकुनानं गावात गेल्यावर भाव लिहून होईपर्यंत कुणाच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. नवीन कारकुनांना मीच ते शिकवलं. उन्हाळ्यात बरोबर भोपळ्यातून पाणी न्यायचो. भाव बिनचूक यायला लागले. गावं तीच, माणसं तीच, पण मी पडवीवर चढत नसे, आणि मग लोकांनीही 'चढा' म्हणणं सोडलं. नंदिगड्ड्याला एक म्हातारा तर मला बघितला की आधीच शेर सपाट करून ठेवायचा.

पुढच्या मार्गशीर्षात सुप्याच्या बाजारात देवकी आणि पुरसू कोनांची टोपली घेऊन बसलेले दिसले. त्यांच्या मांडीला मांडी लावून तिची नंदिगड्ड्याची बहीण बसली होती. मला बघून पुरसू अर्धवट उठला, हसला. देवकीनं पदर सारखा केला. शेजारी पाण्याचा तांब्या होता. मला वाटलं आता ती म्हणेल, अण्णा, बसा. मी टोपलीपुढं थोडा रेंगाळलोही.

"कोनं कशी दिली, बाय?"

तिनं भाव सांगितला. मी दोन शेर मागितली. तिनं तागडी उचलली, काटा मधोमध आला तेव्हा एक लहान कोन काढून घेतलं आणि पुन्हा बघितलं. मग पैशासाठी हात पुढं केला. बहिणीला तहान लागली होती, तिनं तांब्यातलं पाणी तिला दिलं. मला विचारलं नाही, आणि मीही मागितलं नाही.

भाव अगदी बरोबर होता. सवयीनं मी तो वहीत उतरवून घेतला.